हात लावू नका

सयाजी शेलारांनी बॉनेट उघडलं, तर आत आणखी एक झाकण. त्याच्या कडेनं जाडजूड नारिंगी वायरी आणि वर लाल अक्षरांत धोक्याची सूचना. पाना लावावा असा एक नट दिसेल तर शपथ!

मेढ्याहून वाईला निघालेली गाडी चढावर गपकन थांबली होती. वाईत त्यांच्या बायकोचा, लीलाबाईंचा थोरला भाऊ दुपारी वारला होता. बहिणीनं तोंड बघितल्याशिवाय उचलायचं नाही, म्हणून सगळी भावकी खोळंबली होती. भाचा नाथाजी फोनवर विचारत होता, "आत्ती, कुठवर आलाय? दिस मावळायच्या आत उरकाय पायजे."

सयाजीराव फौजेतले मेकॅनिक. लडाखच्या बर्फात रुतलेले ट्रक त्यांनी हलवले होते. त्यांची जुनी जीप तर त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं सुरू होते, असं गावात चेष्टेनं म्हणत. मुलानं, उदयसिंहानं, ती विकून ही विजेची गाडी दारात उभी केली. "तात्या, आता ऑईल नको, ग्रीस नको." खरंच होतं ते. आता तात्याही नको होते.

कंपनीच्या फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, गाडीला हात लावू नका. साताऱ्याहून आमचा माणूस येईल."

"कवा?"

"लवकरच, सर."

तेवढ्यात गावातल्या दादासोचा दुधाचा टेम्पो थांबला. "तात्या, वाईलाच चाललोय. काकीस्नी घिऊन जाऊ?"

लीलाबाईंनी टेम्पोच्या पायरीवर पाय ठेवलाही.

"जा रं तू," सयाजीराव म्हणाले. "आमची गाडी कवा रस्त्यात ऱ्हायलीया व्हय? आत्ता सुरू करतो."

लीलाबाईंनी पाय मागं घेतला. हा माणूस असं म्हणाला आणि गाडी निघाली नाही, असं त्यांच्या संसारात कधी झालंच नव्हतं. टेम्पो गेला.

सयाजीरावांनी बटण दाबून बघितलं, फ्यूज काढून पुसून बसवले. गाडी ढिम्म. ढकलून चाकही फिरेना. लीलाबाई कडेच्या दगडावर बसून होत्या.

"आवं, जमंल न्हवं?" त्यांनी एकदाच विचारलं.

सयाजीरावांनी पुन्हा एकदा बटण दाबलं. गाडीपुढं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना भीती वाटत होती.

शेवटी गाडी तिथंच सोडून दोघं वाटेत माणसं भरत जाणाऱ्या एका वडापच्या जीपमध्ये कोंबून बसले. कृष्णेच्या काठी पोचले, तेव्हा चिता निम्मी जळाली होती.

सुजल्या डोळ्यांनी नाथाजी पुढं आला. "लय वाट बघितली, आत्ती. अंधार पडाय लागला. गाडी बंद पडली का काय?"

"गाडीला काय हुतंय? ह्येंच्या हातची गाडी ती," लीलाबाई म्हणाल्या. "मलाच चक्कर आली रं. वाटंत थांबाय लागलं."

"व्हय, मामा?"

खरं सयाजीरावांच्या ओठांवर आलं होतं. भोवती सगळे पाहुणे उभे होते.

"व्हय," ते म्हणाले.

लीलाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं नाही. धग सोसवेल तिथवर त्या चितेच्या उशाकडं गेल्या आणि भावाचं तोंड जिथं होतं तिथं बघत उभ्या राहिल्या.