चूलविसाव्याचा बुधवार

डोंबिवलीत हल्ली पौषातला बुधवार आला की मखर सजतं, गुरुजी येतात, पाच पक्वान्नांचा नैवेद्य होतो आणि त्यासाठी बायका पहाटेपासून चुलीपुढे घामाघूम होतात. व्रताचं नाव काय, तर चूलविसावा! चुलीला विसावा! हे बघितलं की माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, शालू, तुझं काय जातं? माझंच जातं, म्हणून तर सांगते.

हे व्रत मालनताईंनी काढलं. कुठल्या पोथीत ते नाही, कुठल्या देवीने स्वप्नात येऊन सांगितलेलं नाही. मालनताई स्टेशनजवळच्या वाचनालयात ग्रंथपाल होत्या. मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर वाचनालयाच्या कमिटीने उपकार केल्यासारखी त्यांना ही नोकरी दिली.

बाईंच्या डोक्यात सतत नवा सण. फळ्यावर खडूने लिहायच्या, 'आज उशीरमाफी अमावास्या. पुस्तक उशिरा आणणाऱ्याने दंड भरू नये, एक झकास थाप मारावी.' ठाकुर्लीच्या एका मास्तरांनी, पुस्तक गाईने खाल्लं होतं आणि तिचं रवंथ होईपर्यंत थांबावं लागलं, असं सांगून दंड चुकवला. पावसाळ्यात छत्रीहरवणी पंचमी, म्हणजे ज्याची छत्री हरवली त्याला एक पुस्तक जास्त. पोरकी एकादशीला, आजवर कुणीच न नेलेलं पुस्तक घरी न्यायचं आणि निदान एक पान वाचायचं. लोक हसायचे आणि यायचे. कमिटी कपाळाला आठ्या घालायची, पण वर्गणीदार वाढतात म्हटल्यावर गप्प बसायची.

बायका मात्र येत नव्हत्या. आमची पुस्तकं नवऱ्याच्या नावावर आणि नवऱ्याच्या पसंतीची. मी कोपरच्या आगऱ्यांची सून, मराठी सातवी पास. एकावन्न साली एकदा नवऱ्याबरोबर बाजाराला आले होते, तेव्हा ताईंनी मला विचारलं, "तू स्वतः का येत नाहीस गं?"

"सासू सोडणार नाय, ताई. देवळात जाते बोलली तरच सोडते."

ताईंनी फळ्याजवळचा खडू उचलला. मग म्हणाल्या, "आणि व्रत असलं तर?"

पौष हा भाकड महिना. संक्रांत सोडली तर त्यात ना लग्नं ना मोठे सण, त्यामुळे जागा रिकामीच होती. ताईंनी पौषातले बुधवार धरले. आदल्या रात्री रांधून ठेवायचं, बुधवारी चूल पेटवायची नाही, कारण तिलाही विसावा हवा. दुपारी बाईने घर सोडून अक्षरांच्या सहवासात बसायचं. कहाणी स्वतः वाचायची, वाचता येत नसेल तर दुसरीकडून ऐकायची. एकदा वाचलेली कहाणी पुन्हा चालत नाही, दर वेळी नवी हवी. आणि सवाष्ण असो, विधवा असो, कुणीही चालेल.

माझी सासू ठमाबाई. मिठागरावर उभी हयात घालवलेली विधवा बाई. पुढे जमिनीला भाव आला, तरी तिचा आवाज मिठागरावरचाच राहिला. पण व्रत म्हटल्यावर तिने एक शब्द विचारला नाही. उलट मलाच दटावायची, "भाकऱ्या आजच करून ठेव. उद्या चूल पेटवलीस तं देवी कोपंल." कुठली देवी, ते तिलाही ठाऊक नव्हतं. बुधवारी ती माझ्याबरोबर यायची आणि मी तिला कहाणी म्हणून रहस्यकथा वाचून दाखवायचे. खुनी सापडला की भक्तिभावाने हात जोडायची.

आम्हा दोघींच्या दहा झाल्या, मग खोली भरली. वर्षातले ते मोजके बुधवार. तेवढ्यावर मी बाकीचं वर्ष रेटायचे.

मग कमिटीला जाग आली. आयती गर्दी कुणाला नको असते? सहाव्या वर्षी अध्यक्षांच्या बायकोने, म्हणजे आमच्या अध्यक्षीणबाईंनी, सगळा कारभार हातात घेतला. नैवेद्य हवा, हळदीकुंकू हवं, आणि दारावर पाटी, 'फक्त सुवासिनींसाठी'. मखराला जागा हवी म्हणून कपाटं भिंतीकडे तोंड करून उभी केली. वाचनालयात, पुस्तकांची तोंडं भिंतीला! नैवेद्य करायला चूल लागते, हे एकीच्याही लक्षात आलं नसेल? आलं असणार. पण व्रताच्या नावाखाली काहीही सांगा, आपण बायका माना डोलावतो.

आम्ही सासूसुना दारात पोचलो. अध्यक्षीणबाईंनी मला कुंकू लावलं आणि सासूला हाताने अडवलं. "आजी, तुम्ही बाहेरच बसा हं. प्रसाद पाठवते." मालनताई आतून पुढे आल्या, तर त्यांनाही अगदी गोड आवाजात, "तुम्हीही घरी जा, मालनताई. आज तुम्हाला सुट्टी."

मालनताईंचा चेहरा उतरला. स्वतःचा अपमान त्यांनी गिळला असता, पण माझी सासू पायरीवर ताटकळत उभी होती, ते त्यांना बघवेना.

"या आत आल्याच पाहिजेत," त्या म्हणाल्या. "विधवा चालते असा नियम आहे. तो मीच केलाय. हे व्रतच मी काढलंय. याला पोथी नाही, देवी नाही. बायकांना निवांत वाचायला मिळावं, म्हणून मी हे सगळं रचलं."

मला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल.

अध्यक्षीणबाई हसल्या. "काहीतरीच बाई! आमच्याकडे पणजीपासून चालत आलंय हे." पूजेला बोलावलेल्या गुरुजींनी मान डोलावली.

सहा वर्षांचं व्रत, आणि म्हणे पणजी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले, "खोटं बोलताय! पहिल्या बुधवारी मी होती इथे, तुम्ही नव्हता!" कुणी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. आरती सुरू झाली. टाळ्यांच्या गजरात माझा आवाज बुडून गेला.

ताईंचं बोलणं एकाच माणसाला पटलं. माझ्या सासूला.

"म्हंजे सहा वरसं तू मना फसवलीस?" ती ताईंना म्हणाली. सासू पायऱ्या उतरून कोपरच्या वाटेला लागली आणि मी तिच्या मागे.

मला रडू येत होतं आणि रागही मावत नव्हता. चोरी करणाऱ्या आत आरत्या ओवाळत होत्या, आणि खरं बोलणाऱ्या बाईच्या पदरी माझ्या सासूच्या शिव्या. माझे बुधवार तर गेलेच. सासू वाटभर बडबडत होती, "थंडीच्या दिसांत शिली भाकर खाल्ली मी. देवी नय न काय नय!"

घरी येऊन ती ओटीवर बसली. मी मुकाट्याने आत जाऊन काटक्या मोडायला घेतल्या.

"चूल कशाला पेटवतंस?" तिने बाहेरूनच विचारलं.

"व्रत खोटं हाय ना, आई. आता काय?"

"खोटं हाय तं हाय. तिनी एक काढला, तं दुसरा काढंल. उद्या जा न तिला सांग, या टायमाला निसत्या रंडक्या बायकांचा सण काढ बोल. म्हंजे त्या कुंकवाल्या आत येवाच्या नय."

मी काटक्या खाली ठेवल्या. "मग मी कशी येऊ? मी तर सवाष्ण."

"तुना कोन अडवतंय?" सासू माझ्यावरच खेकसली. "तू नय आलीस तं आमाला वाचून कोन दाखवील?"