काटा कुठे आहे?

मी बोलतोय तो स्मरांदाच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरून. घर गरम ठेवणारा बॉयलर मी. माझ्या अंगावर खालच्या बाजूला पाण्याचा दाब दाखवणारी छोटी तबकडी आहे. या घरात कोणी माझ्याकडे पाहतं म्हणजे त्या तबकडीतल्या काट्याकडे पाहतं.

बातमी आली त्या सकाळी स्मरांदा हिवाळ्याच्या बेगमीसाठी लाल ढोबळ्या मिरच्या भाजत होती. फोन वाजला. तिचा नवरा तुदोर इटलीत गवंडीकाम करायचा, आणि रोज सकाळी त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काटा कुठे आहे?" म्हणून तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग फोन कानाला लावला.

"दीडवर आहे. आता तू न्याहारी केलीस का ते सांग."

पलीकडे दुसराच कोणी होता. तुदोर परांचीवरून पडला होता.

मिरच्या जळून कोळसा झाल्या. घरभर धूर झाला, तरी ती फोन धरून उभीच होती.

मला या भिंतीवर तुदोरनेच चढवलं. सुट्टीवर आला की तो घरातलं काहीतरी काम काढायचाच. मागच्या उन्हाळ्यात त्याने मागच्या खोलीत नवी फरशी बसवली आणि पाईपचा सांधा तिच्याखालीच ठेवला. शेजारची वेता दारातून ओरडली, "अरे, सांधा कोणी फरशीखाली पुरतं का?"

तो हसला. "वेताबाई, माझा सांधा मला विचारल्याशिवाय गळायचा नाही."

त्याला गावात आणून पुरलं आणि त्याच आठवड्यात माझा काटा उतरायला लागला. सकाळी दीडवर असलेला दुसऱ्या दिवशी एकवर यायचा. घरात कुठे ओल नाही, थेंब नाही. स्मरांदा माझ्याखालचा नळ उघडायची आणि पाणी आत शिरतानाचा आवाज ऐकत राहायची. काटा दीडवर आला की नळ बंद करून हलकेच म्हणायची, "दीडवर आहे."

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने घरचे सहा आठवडे रोज शेजाऱ्यांकडे पाणी पोचवतात. मग गावाजवळच्या ओल्त नदीवर जाऊन, वाळल्या भोपळ्याच्या वाटीत मेणबत्ती लावून ती प्रवाहात सोडतात आणि ते सगळं पाणी त्याच्या हवाली करतात; यालाच पाणी सोडणं म्हणतात. तोवर त्यातला घोटही त्याला मिळत नाही म्हणे. स्मरांदाने पाणी रोज पोचवलं. नदीवर मात्र ती गेली नाही.

"तहानेने जीव जात असेल त्याचा तिकडे!" वेता चिडली. "वाळलेला भोपळा काय खिडकीत शोभेला ठेवलायस?"

"तिकडे कशाला? तो इथंच पितोय," स्मरांदाने काट्याकडे बोट दाखवलं. "बघ ना, रोज पितो."

वेताने छातीवर क्रूसाची खूण केली आणि दुरुस्तीवाल्या सांदूला बोलावून आणलं.

सांदूने आधी माझी सुरक्षा झडप पाहिली. तिची नळी भिंतीबाहेर निघते, ती कोरडी होती. मग पाणी तापून फुगलं की त्याला जागा देणाऱ्या, माझ्या पोटातल्या टाकीची हवा तपासली, तीही ठीक. शेवटी त्याने घराकडे जाणारे माझे दोन्ही कॉक बंद केले. "काकू, उद्यापर्यंत हात लावू नका. काटा हलला तर दोष याचा, नाही हलला तर पाईपांचा."

सकाळी काटा जागच्या जागी होता. स्मरांदा त्याच्यासमोर उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आज प्यायला नाही तो," ती म्हणाली, आणि सांदू यायच्या आत तिने दोन्ही कॉक उघडून टाकले.

सांदू आला, तिच्यावर रागावला नाही. पुढचे काही दिवस त्याने रोज एकेका खोलीकडे जाणारी पाण्याची वाट बंद करून पाहिली. मागच्या खोलीची बंद केली तेव्हाच काटा उतरायचा थांबला.

"सांधा फरशीखाली आहे, काकू. फोडावी लागेल. रोजच्या नव्या पाण्याने बॉयलर आतून गंजतोय. ऐन थंडीत बंद पडला तर गोठाल."

स्मरांदा मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. फरशीच्या एका कोपऱ्यात, सिमेंट ओलं असताना उमटलेला तुदोरच्या अंगठ्याचा ठसा आहे.

"त्याला विचारल्याशिवाय गळायचा नव्हता तो," ती म्हणाली. "मग विचारलं असेल ना त्याला?"

सांदूने हत्यारं गोळा केली.

सांदूचं बरोबर आहे. गंज माझ्या आत उतरलाय, पेटताना मी खोकतो. पाणी कुठे जातं हे मला कळायला हवं. पण ते माझ्यातून निघून त्या फरशीकडे जातं तेव्हा गळतं म्हणावं की कोणी ओढून घेतं म्हणावं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. बाहेर अंगण गोठलंय. तुमच्यापैकी कोणी तिच्या ओळखीचं असेल तर तिला नदीपर्यंत सोबत करा. एकटीने ती जायची नाही.

आजही तिने नळ उघडला, काटा दीडवर आणला, आणि फोनकडे पाहिलं.

फरशी फोडलेली नाही. भोपळ्याची वाटी खिडकीतच आहे, आणि तुदोरचं पाणी अजून सोडायचं राहिलंय.