लिव्हर दम खातंय

मावशींच्या हातचं काहीतरी पोटात गेल्याशिवाय त्या घरातून कुणी बाहेर पडत नसे, मग तो विजेचं मीटर बघायला आलेला माणूस का असेना. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पातेली ढवळण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. समोरचा उपाशी आहे हे त्यांना त्याच्या चालीवरून कळे. अख्खा कारखाना मावशी म्हणायचा, म्हणून घरातही तेच नाव पडलं. एकटी वहिनी तेवढी ‘वन्सं’ म्हणायची. ती मोठ्या भावाची बायको. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे असं शेजारीपाजारी समजत. खरं तर दोघींना एकमेकींवाचून करमत नसे. भांडायला तरी हक्काचं माणूस लागतंच की.

वहिनीचं लिव्हर निकामी झालं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं, पाय खांबासारखे सुजले. आता दुसऱ्याचं लिव्हर बसवल्याशिवाय गत्यंतर नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मागे एकदा बोलावणं आलंही होतं. दिवसभर बाईला उपाशी ठेवलं, सगळी तयारी केली आणि शेवटी सांगितलं, आलेलं लिव्हर चांगलं नाही, घरी जा. परत येताना वहिनी जिन्यातच चक्कर येऊन खाली बसली. तिचा तो चेहरा मावशींच्या डोळ्यांपुढून हलेना.

म्हणून पुन्हा फोन आला त्या सकाळी त्यांनी नको ते केलं. भाऊ बजावून गेला होता, हिला काही खाऊ-पिऊ घालू नका असं डॉक्टर म्हणालेत. तो गाडी आणायला खाली उतरला आणि इकडे मावशींनी दुधात पाव कुस्करला. वहिनी नको म्हणाली. मावशी म्हणाल्या, हात हलवत परतच यायचंय तर भरल्या पोटाने या, दोन घासांनी कुणाचं काय अडतंय? वहिनीने वाटी पुसून खाल्ली. नणंदेचं मन मोडवेना म्हणावं, तर भूकही कडकडून लागली होती.

हॉस्पिटलात नर्सने विचारलं, सकाळपासून काही खाल्लं का? मावशी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी म्हणाली, ‘‘नाही,’’ आणि मावशींकडे बघून असे डोळे वटारले की त्या गप्पच झाल्या. नवऱ्यासमोर नणंदेचं नाव निघू नये, एवढ्यासाठी ही खोटं बोलली. लग्न होऊन आल्यापासून हिचं हे असंच. तोंडाने घालूनपाडून बोलायचं आणि मागून पांघरूण घालायचं.

थोड्या वेळाने भूल देणारे डॉक्टर आले. शांत, वयस्कर माणूस. ते भावाला समजावून सांगत होते की पोट रिकामं असलं म्हणजे निम्मी काळजी मिटते. भरल्या पोटी भूल दिली तर अन्न उलटून फुफ्फुसात जातं, आणि अशा खंगलेल्या पेशंटला मग सावरणं कठीण. ऐकता ऐकता मावशींना सकाळची दूध-पावाची वाटी आठवली.

डॉक्टर गेले, भाऊ औषधं आणायला गेला. मावशी उठायला लागल्या तशी वहिनीने त्यांचं मनगट धरलं.

‘‘वन्सं, बसा खाली. हेही हातचं गेलं तर तिसऱ्याची वाट बघायला मी असणार नाही.’’

‘‘आणि भूल दिल्यावर गेलात तर?’’

‘‘तर त्या वाटीचं तुमच्या दादांना सांगू नका, म्हणजे झालं.’’

असं बोलून वर ती हसली. मावशींना ते हसणं सोसवलं नाही. त्यांनी मनगट सोडवलं आणि तडक जाऊन ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना दारातच गाठलं. भाऊही तेवढ्यात औषधं घेऊन आला. त्याच्या देखतच त्या बोलल्या.

‘‘मी तिला दूध-पाव खाऊ घातलाय. ती माझ्यासाठी खोटं बोलली. लिव्हर दुसऱ्या कुणाला द्यायचं तर द्या, पण तिला आता भूल देऊ नका.’’

भावाने त्यांच्याकडे जे पाहिलं, त्यापेक्षा त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टरीणबाईंनी मात्र मावशींना चांगलंच फैलावर घेतलं. किती वाजता, किती, दुधाला साय होती का, सगळं उलटसुलट विचारून घेतलं. मग भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावून दोघं कोपऱ्यात बोलली. त्या परत आल्या तेव्हा त्यांचा राग थोडा निवळला होता. त्यांनी मावशींना एका दाराच्या काचेपाशी नेलं.

आत चाकांवरचं एक मशीन होतं. त्यावर एक भांडं, भांड्यात लिव्हर, आणि त्याला जोडलेल्या नळ्यांतून पाण्यासारखं काहीतरी फिरत होतं. बाईंनी सांगितलं की लिव्हर देणारा माणूस वयस्कर होता, म्हणून ते नाजूक आहे. नुसतं बर्फाच्या पेटीत ठेवलं तर ते झोपतं, पण झोपेत गुदमरतही असतं. तसंच उचलून अंगात बसवलं आणि गरम रक्त सोडलं की बिचारं हबकतं. मशीन त्याला थंडच ठेवतं, पण त्या फिरत्या थंड पाण्यातून ऑक्सिजन देतं. झोपेतच त्याला श्वास मिळतो, थकवा उतरतो. शिवाय ते पाणी तपासलं की लिव्हर कामाचं आहे का, हेही आधी कळतं.

‘‘पेटीतलं असतं तर लिव्हर सोडायचं की भरल्या पोटी भूल द्यायची, यातलं एक मला आज निवडावं लागलं असतं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मशीनवर ते अजून काही तास थांबू शकतं. दम खाऊ दे त्याला. तोवर तुमच्या वहिनींचं पोट रिकामं होईल. आणि मावशी, आता त्यांच्या जवळ बसायचं, पण हात मागे बांधून.’’

मावशी खरंच हात पदराखाली घेऊन कॉटजवळ बसल्या. लिव्हर थांबणार आहे, हे त्यांनी वहिनीला सांगितलं. कुणाच्या तरी घरात आज चूल पेटली नसेल, तरी त्या माणसांनी हे दिलं, हे सारखं त्यांच्या मनात येत होतं. भाऊ भिंतीकडे तोंड करून होता. वहिनी म्हणाली, ‘‘अहो, वळा की इकडे. आपल्या घरात आजवर माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं, ते लिव्हर पहिलं.’’ भावाचे खांदे हलले. तो हसतोय की रडतोय, ते मावशींना कळलं नाही.

दुपारी निरोप आला, पाण्याची तपासणी चांगली आली. मग वहिनीला आत नेलं. नेताना मावशींनी पदराखालून हात काढून तिच्या पायांवरची चादर नीट केली.

दिवेलागणीला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. टोपीचा वळ कपाळावर उमटला होता. रक्त सोडलं तसं लिव्हर हबकलं नाही, सगळीकडून सारखं गुलाबी होत गेलं, आणि पित्तही पाझरायला लागलंय, म्हणजे ते कामाला लागलंय, असं त्यांनी सांगितलं. पुढचे काही दिवस जपायचे आहेत, पण सुरुवात छान झाली आहे. भाऊ मावशींच्या शेजारी येऊन बसला आणि त्याने बहिणीचा हात धरला.

दोघं तशीच बसली असताना दार पुन्हा उघडलं आणि एक तंत्रज्ञ ते मशीन ढकलत बाहेर आला. मावशींनी भावाचा हात सोडला, पदर सारखा केला आणि वडीलधारं माणूस आल्यासारख्या उठून उभ्या राहिल्या.

‘‘बसा मावशी,’’ तो म्हणाला, ‘‘हे रिकामं आहे आता.’’

‘‘माहीत आहे,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘होतं ते वहिनीला देऊन आलंय. म्हणूनच उठले.’’