रानात लपवलेली गुरं

स्वरूपा जर्मनीत डार्मश्टाटला पीएच.डी. करत होती. विषय होता, इंग्रजी अमलात शेतसारा नाकारणारी गावं. तिचा नवरा पुष्कर, त्याचं खैरवाडी हे गाव त्यातलंच. १९२८ साली सरकारनं सारा वाढवला, तेव्हा खैरवाडीनं एक पैही न भरायची शपथ घेतली आणि जप्ती यायच्या आत सगळी गुरं रानात लपवली. पुष्करचे पणजोबा दत्ता त्यात सर्वांत पुढे होते, असं सासूबाई मालिनीताई ज्याला त्याला अभिमानानं सांगायच्या. यंदा सासू-सासरे उन्हाळ्यासाठी आले होते, आणि शनिवारी फ्रँकफर्टच्या मराठी मंडळात स्वरूपा याच विषयावर बोलणार होती.

मंगळवारी तिला मामलेदाराचा अहवाल सापडला. ‘गुरांची जागा दत्ता बिन कोंडी याने दाखविली.’ कोंडीचा मुलगा दत्ता, म्हणजे पुष्करचे पणजोबाच.

तीन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. ते वाक्य गाळून भाषण लिहून पाहिलं, पण मन घेईना. शेवटी शुक्रवारी दुपारी बाल्कनीत बसलेल्या सासऱ्यांसमोर तिनं लॅपटॉप ठेवला.

सुधीररावांनी चष्मा लावून ओळ वाचली.

“सापडलं म्हणजे,” ते म्हणाले.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

“आमच्या वडिलांनी जाताना सांगितलं. आजी तेव्हा आठ महिन्यांची गरोदर. मामलेदारानं तिला चावडीपुढं उन्हात उभं केलं. पाणी देऊ दिलं नाही. दुपारी ती कोसळली, तेव्हा आजोबांनी तोंड उघडलं. पुढं गुरं लिलावाला काढली, तर पंचक्रोशीतून एक माणूस बोली लावायला आला नाही. सरकारला गुरं परत सोडावी लागली. गाव जिंकलं गं. पण आजोबा त्यानंतर कधी मान वर करून चालले नाहीत.”

मागे दारात मालिनीताई चहा घेऊन उभ्या होत्या.

“अहो, एवढी वर्षं मी मिरवतेय, आणि तुम्ही गप्प?”

“तू इतक्या आनंदानं सांगायचीस. कसं बोलणार?”

मालिनीताईंनी चहा खाली ठेवला.

“स्वरूपा,” त्या म्हणाल्या, “उद्या सगळं सांग. पण आधी ती उन्हात उभी होती, ते सांग. तिचं कुणी नावही घेत नाही.”

स्वरूपाला एकदम रडू फुटलं, आणि मग तिला कडकडून भूक लागली.

शनिवारी तिनं काहीही न गाळता सगळं सांगितलं. सुधीरराव आपणहून उठले. “त्या पोटातलं मूल म्हणजे माझे वडील,” एवढंच म्हणाले आणि बसले. लोक भेटायला आले, त्यांचे हात हातात घेऊन गेले.

परतताना एस-बानच्या लोकल गाडीत बसल्या बसल्या सुधीररावांना गाढ झोप लागली. उतरायचं स्टेशन आलं तसा पुष्कर उठवायला वाकला.

“झोपू दे रे यांना,” मालिनीताई म्हणाल्या. “पुढं उतरू आणि मागं येऊ.”