खुर्चीजवळचा वाडगा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीजवळचा वाडगा बोलतोय. हो, तोच, ज्यात तुम्ही चूळ टाकता. नाक मुरडलंत ना? मुरडा. मला त्याची सवय आहे.

मी चिनी मातीचा. भट्टीतून निघालो तेव्हा माझ्या शेजारी कपबश्या होत्या. मलाही वाटलं, आपण कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर जाऊन बसणार. पण माझ्या बुडाला भोक होतं, आणि पुढे माझ्या काठाला पितळेची एक वाकडी चोच बसवली गेली. तिच्यातून पाण्याची बारीक धार सुटायची, माझ्या अंगावरून गोल गोल फिरायची आणि भोकातून निघून जायची. तेव्हाच मी ओळखलं, जेवणाखाण्याचं काही आपल्या नशिबात नाही.

डॉक्टरांनी दवाखाना काढला तेव्हापासून मी त्यांच्यापाशी. राहत्या घराचीच पुढची खोली म्हणजे दवाखाना. बाहेर बाकावर बसून जगाला अक्कल शिकवणारी माणसं खुर्चीत बसली की एकदम गरीब व्हायची. "दुखणार नाही ना?" असं प्रत्येकजण विचारायचा. डॉक्टर म्हणायचे, "दुखेल थोडंसं." खोटा धीर त्यांनी कधी कुणाला दिला नाही. पण त्यांचा हात इतका हलका, की दात निघाला तरी माणूस आ वासून वाटच बघत बसायचा. मग डॉक्टर दात दाखवायचे आणि म्हणायचे, "चूळ भरा." मग तो माणूस माझ्याकडे वळायचा. माझं काम तिथून पुढे.

स्वच्छतेचं मात्र त्यांना भलतं वेड. औषधाची एक बाटली होती, उग्र वासाची. तिच्यातलं औषध टाकून ते मला स्वतः घासायचे, येणाऱ्याजाणाऱ्यावर सोपवायचे नाहीत. आजी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "घरात मुंगी आली तर हे आधी तिचे पाय धुवून घेतील."

आणि एक दिवस तो हात थरथरला. अगदी बारीक. तोंडातला छोटा आरसा पेशंटच्या दातावर टकटक वाजला. पेशंटला वाटलं, डॉक्टर दात तपासताहेत. मला कळलं. डॉक्टरांनाही कळलं. थरथर वाढत गेली तशी त्यांनी नवी माणसं घेणं बंद केलं, हातातली कामं संपवली आणि खोलीला कुलूप घातलं. खुर्ची दुसऱ्या एका दवाखान्यात गेली. मला कोण नेणार? मी मागच्या व्हरांड्यात रंगाच्या रिकाम्या डब्यांशेजारी धूळ खात पडलो.

डॉक्टरांचे हात खिशात गेले ते गेलेच. चारचौघांत चहा समोर आला तरी ते कपाला हात लावायचे नाहीत. चहा निवायचा, त्यावर साय धरायची, आजी कप उचलून न्यायच्या. मला फार वाईट वाटायचं. पण वाडग्याला कोण विचारतो?

या घरात डॉक्टरांची एक नात आहे. समोरच्या दातांना पटाशीचे दात म्हणतात. तिचा एक पडला होता आणि दुसरा डुगडुगत होता, म्हणून आजोबांनी तिला पटाशी म्हणायला सुरुवात केली. तिचा हट्ट असा, की हा दात आजोबाच काढणार. आईने हात पुढे केला की ती तोंड घट्ट मिटायची. आणि आजोबांकडे गेली की ते खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "पडेल गं आपला आपण." दात बिचारा लोंबकळतच राहिला.

या पटाशीला आईने अंगणाचा एक कोपरा दिला होता, तिच्या स्वतःच्या बागेसाठी. चार रोपं, एक बुटकं स्टूल, बस्स. तिला तिथे पक्षी हवे होते. पक्ष्यांसाठी पाणी शोधत ती व्हरांड्यात आली आणि तिने डब्यांमागून मला ओढून काढलं. "आजोबा, हा गोल गोल पाण्याचा वाडगा मला द्या ना."

कितीतरी दिवसांनी डॉक्टरांच्या तोंडावर कळा आली. त्यांनी विटा रचून ओटा केला, त्यावर मला बसवलं. खाली पाण्याचा टब, टबात माशांच्या पेटीतला छोटा पंप, पंपाची नळी माझ्या चोचीला. माझ्यातून पडलेलं पाणी टबात जायचं आणि पुन्हा वर यायचं. मात्र स्क्रू पिळायची वेळ आली की ते पटाशीला काहीतरी आणायला आत पिटाळायचे. ती गेली की खिशातून हात निघायचा. स्क्रू पडायचा, ते शोधायचे, पुन्हा पडायचा. एकदा ती लवकर परत आली, तर हात चटकन खिशात. तिने सगळं पाहिलं होतं. ती आपणहून पुन्हा आत गेली.

पाणी फिरायला लागलं तेव्हा पटाशी नाचली. आजी म्हणाल्या, "जन्मभर माणसांना चुळा भरायला लावल्या, आता पक्ष्यांची पाळी."

पक्षी मात्र येईनात. भिंतीवर बसायचे, मान वाकडी करून मला न्याहाळायचे आणि भुर्रकन जायचे. पटाशीच्या मते मी फार गुळगुळीत होतो, त्यांचे पाय घसरत असणार. तिने सावलीतल्या भिंतीखालून दगड वेचून आणले, मुद्दाम शेवाळ असलेले, हिरवे. आजोबांनी ते पाहिले आणि जुनी खोड जागी झाली. त्यांनी ते दगड कुकरमध्ये घालून उकडले. हो, कुकरमध्ये, चांगल्या शिट्ट्या काढून. आजींनी डाळ शिजली असेल म्हणून झाकण उघडलं. त्या काय म्हणाल्या ते मी सांगत नाही.

दगड पांढरेफटक झाले होते. पटाशीने ते हातात घेतले आणि तिचे डोळे भरले. "माझं शेवाळ मेलं," ती म्हणाली. मग तिने ते माझ्यात मांडले आणि वाकून माझा वास घेतला. "आजोबा, ह्याला दवाखान्याचा वास येतो. पक्ष्यांना वाटत असेल, इथे दात काढतात."

"पक्ष्यांना दात नसतात गं."

"मग आधीच कुणीतरी काढलेत असं वाटत असेल."

डॉक्टर हसले, आणि हसता हसता त्यांची नजर टबाकडे गेली. टबात रोज सकाळी ते औषधाचं एक झाकण ओततच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाटली घेऊन आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि बाटली तशीच घेऊन परत गेले. त्यांना ते किती जड गेलं असेल, मला ठाऊक आहे. मलाही जड गेलं. अंगावर हिरवट थर चढू लागला तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. आयुष्यभराचा पांढरेपणा असा सहज सुटत नाही.

मग एका दुपारी पटाशी स्टुलावर बसली होती. दात एका धाग्यावर उरला होता. सफरचंद चावता येईना म्हणून ती कुरकुरत होती. मधेच ती थांबली आणि म्हणाली, "आजोबा, पडायचा दात हलवायलाच लागतो ना?"

"हो."

"तुमचा हात आपोआप हलतो. मग तुम्ही नुसता धरा."

 डॉक्टर उठून आत गेले, साबणाने हात धुऊन आले. ती सवय थोडीच जाणार? दोन्ही हात उघड्यावर, ओले, थरथरणारे. पटाशीने तोंड उघडलं. त्यांनी दात दोन बोटांत धरला. मी श्वास रोखला असता, मला श्वास असता तर. बोटं थरथरली, दात थरथरला, आणि तळहातावर आला.

"दुखलं?"

"थोडंसं."

आणि डॉक्टरांच्या तोंडून जुनेच शब्द निघाले. त्या एवढ्याशा मुलीला, पेशंटला म्हणायचे तसेच, "चूळ भरा."

तिने पेल्यातलं पाणी तोंडात घेतलं, माझ्याकडे वळली आणि थुंकली. गुलाबी पाणी माझ्या अंगावरून गोल फिरलं आणि खाली गेलं. एवढ्या वर्षांत हजारो चुळा झेलल्या, पण अशी एकच. डॉक्टरांनी टब रिकामा करून साधं पाणी भरलं. बाटली आणली नाही. पाणी ओतताना निम्मं बाहेर सांडलं, पटाशीच्या पायावर पडलं, तरी त्यांनी हात लपवले नाहीत. संध्याकाळचा चहा त्यांनी अंगणातच, सगळ्यांसमोर, गरम गरम घेतला. थोडा बशीत सांडला. आजींनी बशी पुसली आणि तोंड वळवून डोळेही पुसले.

काही दिवसांनी तो आला. छोटा, तपकिरी, नाव मला ठाऊक नाही. भिंतीवरून उतरून माझ्यातल्या दगडावर बसला. तोवर दगडांवर पुन्हा हिरवं धरायला लागलं होतं. पटाशी आजोबांना चिकटून बसली होती.

"आजोबा, अजिबात हलू नका," ती कुजबुजली. मग त्यांच्या गुडघ्यावरच्या हाताकडे बघून म्हणाली, "हात हलला तर चालेल."

पक्ष्याने चोच बुडवली, मान वर केली, पाणी गिळलं. पुन्हा बुडवली.

आता माझा काठ एका जागी टवकलाय. अंगावर शेवाळ आहे, पानं पडतात, मुंग्या फिरतात, आणि त्यांचे पाय कुणी धूत नाही. तुम्ही कधी या घरी आलात आणि मला पाहून तुमचे हात शिवशिवले, तर एवढं ऐका. मला घासू नका. जन्मभर लोकांनी माझ्यात टाकलं. माझ्यातून कुणीतरी प्यायलं ते आत्ता, पहिल्यांदा.