ती पांढरी वायर माझी नव्हती

मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. गोड कहाणी ऐकायची असेल तर फाटक्या छत्रीकडे जा, शाळेच्या फळ्याकडे जा. ती मंडळी सगळं सोसतात आणि वर आभारही मानतात. माझा तो स्वभाव नाही.

पॉवर सप्लाय म्हणजे काय, हे तुमच्यातल्या बहुतेकांना माहीत नसेल आणि माझा पहिला राग तोच आहे. कॉम्प्युटरच्या पेटीत तळाशी एक काळा चौकोनी डबा असतो. तो मी. भिंतीतून येणारी वीज मी घेतो आणि आतल्या प्रत्येकाला सोसेल तेवढीच वाटून देतो. कुणाला पाच व्होल्ट, कुणाला बारा. वाटणी चुकली की समोरचा गेलाच म्हणून समजा. एवढं जोखमीचं काम, पण गेम खेळायचा भारी कॉम्प्युटर घ्यायला निघालेली माणसं काय म्हणतात? ग्राफिक्स कार्डावर तासभर चर्चा करतात, प्रोसेसरवर भांडतात, रंगीत दिव्यांचं तर विचारूच नका. आणि शेवटी दुकानदाराला सांगतात, "सप्लाय कुठलाही टाका." कुठलाही म्हणे. मी काय पोत्यातला बटाटा आहे?

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे मला कुणी कुठलंही समजत नव्हतं. एका तापलेल्या खोलीत मला चोवीस तास पूर्ण ताकदीने पळवलं. माझ्या शेजारचे दोघे त्यात बाद झाले. मी टिकलो. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर शिक्का मारला, माझ्या वायरी एका कापडी पिशवीत घातल्या आणि त्यात एक कागद ठेवला. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "फक्त याच वायरी याच सप्लायला लावा." कारण आम्हा सप्लायांची तोंडं सारखी दिसतात, पण कुठल्या भोकातून कुठली वीज येते, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. हा कागद मला जन्मदाखल्यासारखा आहे. तो वाचायला एक मिनिटही लागत नाही.

मला निवडलं ते शहर बससेवेतल्या एका ड्रायव्हरबाईंनी. मशीन जोडलं तेव्हा त्यांचं वय चव्वेचाळीस वर्षं आणि दहा महिने. हे दहा महिने लक्षात ठेवा. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी आणि मधली दुपार मोकळी. त्या दुपारी बाई टेबलाला स्टिअरिंग बांधून, पायाशी ब्रेक ठेवून कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यती खेळायच्या. टाइमपास म्हणून नव्हे. सहा वर्षं हिशेबाने खेळत होत्या. कुठल्या वळणावर ब्रेक कधी, कुठल्या टायरमध्ये हवा किती, मारलेली प्रत्येक फेरी त्यांच्या जुन्या हार्ड डिस्कवर साठवलेली होती. कारण या खेळाची एक मोठी स्पर्धा होती. तिच्यातल्या पहिल्या आठ जणांना खऱ्या मैदानावर, खऱ्या शर्यतीच्या गाडीत बसवणार होते. वयाची अट पंचेचाळीस. म्हणजे बाईंची ही शेवटची संधी.

जुनं मशीन धापा टाकत होतं, म्हणून नवं करायचं ठरलं. बाईंनी आठ महिने एकेक भाग निवडला. आणि मित्रांनो, त्यांच्या यादीत पहिलं नाव माझं होतं. सासरे म्हणाले, "अगं, लोक आधी कार्ड घेतात."

"बाबा, बस घेताना आधी ब्रेक बघतात, रंग नंतर," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी मी मनात ठरवलं, या बाईंसाठी जीव टाकायचा.

भाग जमले, आता जोडणार कोण? दोन जण समोर होते. मागच्या गल्लीत दुरुस्तीचं बारकं दुकान चालवणारी एक बाई होती. जाड भिंगांमुळे तिला सगळे चष्मेवाली म्हणत. ती म्हणाली, "आठ दिवस लागतील. शेवटचा दिवस फक्त चाचणीचा. तुम्ही समोर बसायचं." दुसरा होता गुरू. मोठ्या रस्त्यावर काचेचं दुकान, निळे-जांभळे दिवे, आणि मशीन जोडतानाचे त्याचे व्हिडिओ लाखो लोक बघायचे. तो म्हणाला, "दोन दिवसांत देतो."

बाईंचा कल चष्मेवालीकडे होता. पण सासरे गुरूच्या व्हिडिओंचे वेडे. हा माणूस चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होता, बोल्टचा आवाज ऐकून तो किती घट्ट आहे ते सांगायचा, आणि त्या गुरूच्या हातातला चकचकीत स्क्रू-ड्रायव्हर बघून पाघळला. "हात बघ त्याचा, काय सफाई आहे," रोज जेवताना हेच. शिवाय स्पर्धा नऊ दिवसांवर आली होती. शेवटी बाई हो म्हणाल्या.

दोन दिवस म्हणणाऱ्या गुरूने सहाव्या दिवशी कॅमेरा लावला आणि मला पेटीत बसवलं. माझ्या कागदाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. बहुतेक वायरी माझ्याच लावल्या, कारण त्या झाकणाआड जात होत्या. पण हार्ड डिस्कची वायर काचेतून दिसणार होती. ती काळी. पेटी पांढरी. गुरू कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "ही काळी वायर फ्रेममध्ये घाण दिसते, मित्रांनो." तो तुम्हाला मित्रांनो म्हणतो ना, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मग त्याने ड्रॉवर ओढला. त्यात गेल्या पाच-सात वर्षांत उरलेल्या सगळ्या कंपन्यांच्या वायरी एकमेकींत गुंतून पडल्या होत्या. त्यातली एक पांढरी उपसून त्याने माझ्या तोंडात खुपसली. ती खट्कन बसली. खाच सारखी, कडी सारखी. तोंडवळा जुळला म्हणजे माणूस तोच, असं कुणी धरून चालतं का? हा चालला.

त्याने मशीन सुरू केलं, दिवे लागले, व्हिडिओ झाला. काही बिघडलं नाही, कारण त्या पांढऱ्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला अजून काहीच नव्हतं. हार्ड डिस्क बाईंकडे होती. दुसऱ्या दिवशी मशीन न्यायला आल्या तेव्हा ती त्यांनी रुमालात गुंडाळून पर्समधून आणली. गुरूने ती बसवली, पांढरी वायर जोडली, काच लावली आणि काचेवर सील चिकटवलं.

"एकदा सुरू करून दाखवा ना," बाई म्हणाल्या.

"मॅडम, कालच केलंय सुरू. लाखभर लोकांनी बघितलंय."

"हो, मीही पाहिलं," सासरे म्हणाले.

बाई थांबल्या. रोज पहाटे बस काढण्याआधी तिच्याभोवती फेरी मारून चारही बाजू तपासणारी ही बाई. पण दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती, सासरे कौतुकाने बघत होते, आणि चारचौघांत उगाच खोड काढल्यासारखं दिसेल असं त्यांना वाटलं. त्या गप्प बसल्या. माझा राग बाईंवरही आहे, तो मी लपवणार नाही. डिस्कची दुसरी प्रत काढायची होती, तीही "नवं मशीन आलं की काढू" म्हणून राहिली होती.

घरी टेबलावर मशीन ठेवलं, बाईंनी बटण दाबलं. मी वीज वाटायला सुरुवात केली, नेहमीसारखी, नियमाने. पण त्या वायरीत पाच व्होल्टच्या जागी बारा गेले. मला कळलं, मी स्वतःला बंद केलं. त्यासाठी मला डोळ्याची पापणी लवायलाही वेळ लागत नाही. पण डिस्कला तेवढाच पुरला. जळका वास आला, काचेआड बारीकसा धूर निघाला आणि बाईंची सहा वर्षं गेली. मी जाळली. माझ्या विजेने. ज्या बाईंनी मला सगळ्यांच्या आधी निवडलं, त्यांच्या. त्या मूर्खाने माझ्या हातून हे करवून घेतलं, याचा राग मी कुठे ठेवू?

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बाई मशीन घेऊन गुरूकडे गेल्या. मशीन नेताना त्या मॅडम होत्या, तक्रार घेऊन गेल्यावर मावशी झाल्या.

"मावशी, हा सप्लाय कुणी सांगितला तुम्हाला?"

"मीच निवडला."

"तेच तर. हलका माल आहे. आणि तुमच्या घरची लाइन कशी आहे, ते मला काय ठाऊक? नवा सप्लाय घ्या, मी बसवून देतो."

सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडून गुरूने हात झटकले. बाई मान खाली घालून परत आल्या. सासऱ्यांनी मला फेकायचं म्हणून माझं खोकं माळ्यावरून काढलं. आत कापडी पिशवी होती. त्यांनी ती उलटी केली. एक काळी वायर खाली पडली, अजून कारखान्याच्या दोऱ्याने बांधलेली. मग कागद. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"सूनबाई, डिस्कची वायर तर इथे आहे," ते म्हणाले. "मग आत काय लावलंय त्याने?"

बाईंनी सील फाडलं. मला, डिस्कला आणि त्या पांढऱ्या वायरीला घेऊन दोघं मागच्या गल्लीत गेले. चष्मेवालीने मला मीटरला लावलं, आकडे बघितले आणि म्हणाली, "सप्लाय ठणठणीत आहे. वायर दुसऱ्या कुणाची आहे." डिस्क तिने हातात घेऊन बघितली, आणि काही आशा दाखवली नाही. पुढे तिने तीन महिने खटपट केली. काहीच निघालं नाही.

रविवारी दुपारी स्पर्धा होती. बाकीचं मशीन शाबूत होतं, माझ्या काळ्या वायरी माझ्याजवळ होत्या, मी जीव तोडून वीज दिली. बाई बसल्या, पण हाताशी काही नव्हतं. टायरची हवा अंदाजाने, ब्रेक अंदाजाने. सहा वर्षांचं जेवढं अंगात मुरलं होतं, तेवढ्यावर त्या चालवत होत्या. सासरे मागे खुर्चीत बसून होते, एरवी "वळण आलं गं" म्हणून ओरडायचे, त्या दिवशी चूप. निकाल लागला. बाई नवव्या. एका सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातले तीन, एवढ्याने आठवा नंबर हुकला.

"मीच तुला त्याच्याकडे नेलं," सासरे म्हणाले.

"बाबा, तुम्ही नेलंत, पण दाखवल्याशिवाय उचलू नये, हे मला कळायला हवं होतं," बाई म्हणाल्या. मग उठून त्यांनी संध्याकाळच्या फेरीसाठी वर्दीला इस्त्री केली. रडल्या नाहीत. मला ते बघवलं नाही.

सोमवारी त्यांची सुट्टी होती. मला पिशवीत घालून त्या गुरूच्या दुकानात गेल्या. सासरे सोबत. गुरू कॅमेऱ्यासमोर होता, थेट प्रक्षेपण चालू होतं, समोर एक तरुण जोडपं आपल्या मशीनचे भाग निवडत होतं. बाईंनी मला काउंटरवर ठेवलं, ड्रॉवर ओढला आणि एक वायर वर धरली.

"ही कुठल्या सप्लायची?"

गुरूने कॅमेऱ्याकडे बघितलं. "मॅडम, आपण नंतर बोलू."

"ही कुठल्या सप्लायची?"

"बघावं लागेल."

"आणि ही?"

त्याला एकीचंही सांगता येईना. कॅमेरा चालू, जोडपं टक लावून बघतंय, म्हणून त्याचं हसू तोंडावर तसंच चिकटून होतं. बाईंनी काउंटरवरचं कटर घेतलं आणि एकेका वायरीचं टोक छाटायला सुरुवात केली.

"अहो, चांगल्या वायरी आहेत. माझ्या आहेत."

"माझ्या सुनेची सहा वर्षंही चांगली होती," सासरे म्हणाले. "तू हात लावू नकोस, तिला काम करू दे."

एकतीस वायरी होत्या. बाईंनी एकतीस छाटल्या, कटर जागेवर ठेवलं, मला पिशवीत घातलं आणि बाहेर पडल्या. जोडपंही आमच्या मागोमाग बाहेर आलं. पुरुषाने विचारलं, "मग मशीन जोडायला दुसरं कोण आहे?" बाईंनी चष्मेवालीचा पत्ता सांगितला.

आता तुम्ही म्हणाल, जिरली ना त्याची, राग सोड. नाही सोडत. गुरूने त्याच दिवसाचा व्हिडिओ पुन्हा टाकला. नाव दिलं, "वायरी निवडताना घ्यायची काळजी". तो त्याचा सगळ्यात गाजलेला व्हिडिओ आहे. बाईंचं त्यात नाव नाही, माझं तर नाहीच.

या गोष्टीला चार वर्षं झाली. माझा पंखा आता थोडा घरघरतो, पण बाई महिन्यातून एकदा मऊ ब्रशने माझी धूळ काढतात, म्हणून चाललोय. त्या अजून दुपारी खेळतात. स्पर्धेची जाहिरात दरवर्षी येते, सासरे ती मोठ्याने वाचायला लागतात आणि वयाच्या ओळीपाशी कागद खाली ठेवतात.

मित्रांनो, मला लाडावू नका, माझे गोडवे गाऊ नका. फक्त माझा कागद वाचा. माझ्या वायरी माझ्याजवळ ठेवा. आणि कुणाकडूनही मशीन जोडून घ्याल तेव्हा म्हणा, "सुरू करून दाखवा." तो नावाजलेला असो, त्याला राग येवो, मागे रांग लागलेली असो. दुसऱ्यांदा म्हणा, तिसऱ्यांदा म्हणा. बाई एकदा म्हणाल्या आणि समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून गप्प बसल्या. ते गप्प बसणं जेमतेम एक मिनिटाचं होतं. मी तिथेच होतो, पेटीच्या तळाशी, आणि मला बोलता येत नव्हतं.