पायावरची फुली

फिजिओथेरपिस्ट हा शब्द निम्म्या पेशंटांच्या जिभेवर बसत नसे, म्हणून सगळे तिला व्यायामबाई म्हणत. वीस वर्षं ती लोकांसमोर उभी राहून हात वर, हात खाली करत आली होती. समोरच्याला आरशात बघितल्यासारखं सोपं जावं म्हणून ती स्वतःचा डावा हात उचलायची आणि तोंडाने म्हणायची, "उजवा हात वर." पेशंट बरे होऊन घरी जात. बाईंचं स्वतःचं डावं-उजवं मात्र कायमचं उलटंपालटं होऊन बसलं होतं. स्कूटरवर मागे बसून तिने "डावीकडे घ्या" म्हटलं, की नवरा न वळता विचारायचा, "तुझ्या डावीकडे की माणसांच्या?"

समोर पेशंट असला की तिची कधी चूक होत नसे, हेही तितकंच खरं. तो नजरेआड झाला की घोटाळा.

तर अशा या व्यायामबाईला त्या वर्षी एक अधिकार मिळाला. आजवर कुणाच्या हाडाची शंका आली तर तिने आपल्या दवाखान्यातून इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांना लिहायचं, "फोटो काढण्याचा विचार व्हावा, ही विनंती." डॉक्टरांनी सवडीने विचार करायचा. तीन आठवड्यांनी चिठ्ठी यायची, तोवर पेशंट एक तर बरा झालेला असायचा, नाहीतर वैतागून दुसरीकडे गेलेला. आता इस्पितळाने ठरवलं, एक्स-रे आणि एमआरआयच्या चिठ्ठ्या तिनेच स्वतःच्या सहीने द्याव्यात. तीन महिने प्रयोग. चिठ्ठ्या नीट निघाल्या तर अधिकार कायम. नाही निघाल्या, तर पुन्हा आपलं "विचार व्हावा, ही विनंती."

कोऱ्या चिठ्ठ्यांचं पुस्तक आलं. बाईंनी त्याला कव्हर घातलं, खणात ठेवलं आणि महिनाभर एक पान फाडलं नाही.

मागणाऱ्यांची कमी नव्हती. "शेजारणीने एमआरआय काढला, मलाही लिहून द्या," म्हणत एक काकू दर दोन दिवसांनी यायच्या.

"काकू, तुमच्या गुडघ्याला फोटो नको, जिना हवा."

काकू रुसून जिना चढायच्या आणि रुसत रुसतच बऱ्या होत होत्या. पण खरोखर शंका आली तरीही बाईंचा हात खणापर्यंत जाऊन परत यायचा.

"अंडं उबवतेयस का त्या पुस्तकावर बसून?" सासूबाईंनी एकदा जेवताना विचारलं.

"आई, चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं. माझ्या पोराशी तुझं लग्न लावलं, तेव्हा मी कुठे तीन महिने प्रयोग केला होता?"

नवऱ्याने पोळीत तोंड खुपसलं.

आणि मग टपालवाल्या मावशी लंगडत आल्या. रोज खांद्याला पिशवी लावून चार-पाच तास चालणारी बाई. दोन महिने पाय दुखत होता.

"साहेब म्हणतात, नाटकं करू नका. सून म्हणते, बूट बदला. बूट बदलले, मधे साहेबही बदलले. दुखणं तेच!"

बाईंनी मावशींना टेबलावर बसवलं, त्यांचा डावा पाय मांडीवर घेतला आणि एकेक हाड बोटाने दाबत गेली. एका जागी, बोटाच्या टोकाएवढ्याच, मावशी टेबलावरून वीतभर उडाल्या. बाईंनी तिथे पेनाने फुली मारली. पुढच्या वेळी नेमकी तीच जागा सापडावी म्हणून ही तिची जुनी सवय.

"चीर दिसतेय मावशी. उद्या फोटो काढू. ही पुसू नका."

"पुसते कशाला? दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणी जागा दाखवली."

मावशी पडद्यामागे मोजे घालायला गेल्या. बाईंनी पुस्तक काढलं, देवाचं नाव घेतलं आणि पहिलं पान फाडलं. नेमकं कितवं हाड? तिने स्वतःची चप्पल काढून आपल्याच पायावर मोजलं. एक, दोन, तिसरं. लिहिलं. सही तर अशी घोटून केली की शाळेतल्या बाईंनी दहापैकी दहा दिले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऐटीत स्कूटरवर मागे बसली होती. चौक आला तशी म्हणाली, "डावीकडे घ्या," आणि हात केला उजवीकडे.

"तुझ्या डावीकडे की माणसांच्या?"

ती खळखळून हसली. हसता हसता एकदम थांबली. काल हाडं मोजली ती स्वतःच्या पायावर. मावशींचा डावा, म्हणजे सवयीने आपला उजवा. आणि त्याच पायाकडे बघून चिठ्ठीत लिहिलं होतं, उजवा!

"अहो, इस्पितळात चला! आत्ताच्या आत्ता!"

"कुठून जाऊ?"

"मला विचारू नका!"

एक्स-रेची खोली तळघरात होती. तिथले फोटोवाले काका हसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. तारीख अस्पष्ट असली तरी चिठ्ठी परत पाठवणारा आणि चूक वहीत नोंदवणारा माणूस. बाई धापा टाकत पोचली, तर बाकावर मावशी एक मोजा हातात घेऊन बसलेल्या आणि काका चिठ्ठी धरून उभे.

"कागद म्हणतो उजवा, मावशी म्हणतात डावा," काका म्हणाले. "तुम्हाला चार फोन केले."

फोन स्कूटरच्या डिकीत होता.

"मी म्हटलं, दोन्ही काढून टाका जोडीने," मावशी म्हणाल्या. "तर हे ऐकेनात."

"उगाच किरणं कशाला घ्यायची मावशी?"

पहिलीच चिठ्ठी, आणि तीच चुकली. अधिकार गेला, हे तिला स्वच्छ दिसलं. तरी ती म्हणाली, "डावाच. चूक माझी आहे, काका. वहीत तशी नोंद करा."

"ती तर करणारच," काका म्हणाले आणि पेन पुढे केलं. तिने उजवा खोडून डावा लिहिलं, खाली सही केली. या वेळी सही सरळ आलीच नाही. काकांनी वहीत लिहायला सुरुवात केली, ते थांबेचनात. एवढं काय लिहीत होते कोण जाणे!

मग त्यांनी मावशींच्या पायावरची फुली निरखली, तिच्यावर शिशाचा बारीक दाणा चिकटवला आणि फोटो काढला.

पडद्यावर पाय उमटला. तिसऱ्या हाडावर केसाएवढी चीर होती आणि दाण्याचा पांढरा ठिपका बरोबर तिच्यावर बसला होता. काकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "बोट आहे का यंत्र?" ते पुटपुटले.

"मोडलंय?" मावशींनी विचारलं.

"डॉक्टर लेखी देतीलच, पण हो. चीर आहे."

"खरंच मोडलंय?" मावशींनी बाईंना मिठीच मारली. हाड मोडल्याचा एवढा आनंद त्या तळघराने कधी पाहिला नव्हता. "मला एक कॉपी द्या. साहेबांच्या टेबलावर आपटते!"

"आपटा, पण बसल्या बसल्या. सहा आठवडे फेरी बंद."

उरलेल्या दोन महिन्यांत बाईंनी बऱ्याच चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येक वेळी पेशंटला समोर उभं करून दम द्यायची, "माझं लिहून होईपर्यंत जागचं हलायचं नाही!" चुकली एकही नाही. पण ती पहिली काकांच्या वहीत होतीच.

प्रयोग संपला त्याच आठवड्यात भर दुपारी दवाखान्याच्या दारात टपालवाल्या मावशी उभ्या. दोन्ही पायांवर सारख्या.

"इस्पितळाचं पाकीट आहे. सही करा."

"मावशी, तुमची फेरी इथे संध्याकाळी येते ना?"

"आज उलटी सुरू केली. फोडा आधी, मी हलणार नाही."

बाईंनी पाकीट फोडलं आणि मावशींसाठी मोठ्याने वाचायला लागली. अधिकार कायम. एक चूक नोंदली आहे. चिठ्ठी देणाऱ्या स्वतः धावत आल्या आणि त्यांनी चूक कबूल केली, हेही नोंदलं आहे. शिवाय फोटो विभागाच्या सूचनेवरून यापुढे चिठ्ठी देणाऱ्या प्रत्येकाने, मोठ्या डॉक्टरांसकट, दुखऱ्या जागेवर पेनाने फुली मारावी.

"मोठ्या डॉक्टरांसकट!" मावशी म्हणाल्या. "ते पुन्हा वाचा."

बाईंनी पुन्हा वाचलं, मग नवऱ्याला फोन लावला. "अहो, कायम झालं!"

"म्हणजे आता तुला डावं-उजवं कळायला लागलं?"

"छे हो! पण आता ते मोठ्या डॉक्टरांनाही येतं असं कुणी धरून चालणार नाही."